मफलर आणि सोलकढी

आमच्या कारखान्यात मफलर घालणारा एकच होता, आणि तो म्हणजे पंप.

मी मूळचा पुण्याचा. आमच्याकडे आकाशकंदील उतरायच्या आत मफलर बाहेर निघतात. थंडी पडली म्हणून नव्हे, नोव्हेंबर लागला म्हणून. कोकणात, लोटे एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज म्हणून रुजू झालो तो भर मे महिना. पहिल्याच आठवड्यात एक ऑपरेटर धावत आला आणि म्हणाला, ‘‘साहेब, मफलर गोठला!’’ मला वाटलं, पुण्याचं गिऱ्हाईक बघून पोरं फिरकी घेतायत. बाहेर झाडावर फणस पिकून फुटत होते आणि माझा शर्ट पाठीला असा चिकटला होता की काढताना सालपटं निघाली असती. तरी गेलो. शेडच्या कोपऱ्यात एक पंप निमूट बसलेला, आणि त्याच्या कुशीतून निघालेल्या मुठीएवढ्या काळ्या डब्यावर पांढराशुभ्र बर्फ. जुन्या फ्रीजमध्ये साचतो तसला, चमच्याने खरवडण्याजोगा.

पंपाशेजारी टमरेलात गरम पाणी घेऊन काका उभे होते. काका म्हणजे कुणाचे सख्खे काका नव्हेत. कारखान्यात चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्यांनी हवेचा व्हॉल्व्ह बंद केला, डब्यावर पाणी ओतलं, थोडं थांबले आणि हवा अगदी बेताने सोडली. पंपाला एक उचकी लागली आणि मग ठक-फुस्स, ठक-फुस्स असं त्याचं रोजचं चालू झालं.

‘‘सर्दी झालती,’’ काका म्हणाले आणि टमरेल घेऊन निघून गेले.

माझ्या डिप्लोमाला पंप होते. बर्फ नव्हता.

पंपाचं पूर्ण नाव ‘एअर ऑपरेटेड डबल डायफ्राम पंप’. रेशनकार्डावरच्या नावासारखं ते फक्त कागदावर. तोंडी नुसता ‘डायफ्राम’. याला मोटर नाही, वायर नाही, शाफ्टभोवती गळत बसणारं सील नाही. थिनरच्या वाफा जिथे दिवसभर फिरतात तिथे पंपापाशी वीजच नको असते, म्हणून हा लाडका. आत समोरासमोर दोन खोल्या, दोन्हींत एकेक पडदा, आणि दोन्ही पडदे एकाच दांड्याच्या दोन टोकांना बांधलेले. जात्याचा एकच खुंटा धरून समोरासमोर बसलेल्या दोन बायका आठवा. हिने ढकललं की तिच्याकडे आपोआप ओढलं जातं. हवा एका पडद्यामागे शिरली की तो पुढे सरकून आपल्या खोलीतला रंग वर लोटतो, तेवढ्यात दुसरा मागे ओढला जाऊन खालून रंग शोषून घेतो. मग मधला एअर व्हॉल्व्ह पाळी बदलतो. कालव्यावरचा पाटकरी असतो ना, आत्ता याचं शेत, आता त्याचं, तसा. चढवलेला रंग उलट पावली परत येऊ नये म्हणून प्रत्येक खोलीला खाली एक आणि वर एक, अशा मिळून चार गोट्या. ड्रॉइंगमध्ये त्यांना चेक बॉल म्हणतात. आमच्याकडे गोट्याच. काम संपलेली हवा मफलरमधून फुस्स करून बाहेर पडते, आवाज जरा दबतो, आणि जगरहाटी चालू राहते.

हे यंत्र जिम विल्डेन नावाच्या माणसाने १९५५ साली कॅलिफोर्नियात काढलं. तिथली हवा कोरडी. हेच त्याने चिपळूणला काढलं असतं, तर सुट्या भागांच्या यादीत टमरेल नक्की असतं.

कारण कोकणातली हवा ही हवा नसून पातळ केलेलं पाणी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर, तीस अंशाला आणि ८५ टक्के दमटपणाला, एका घनमीटर हवेत पंचवीस-सव्वीस ग्रॅम पाणी असतं. कॉम्प्रेसर ती ७ बारला दाबतो, म्हणजे आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबतो. सकाळची विरार लोकल. आता त्या एका घनमीटराला तीस अंशाला तीसेक ग्रॅमच पाणी पेलतं. उरलेलं पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे चांगलं पेलाभर, गर्दीतल्या माणसाच्या घामासारखं सुटतं. ते ड्रायरने टिपायचं, टाकीच्या तळातून सोडायचं आणि पंपाआधी बसवलेल्या फिल्टरच्या वाटीतून रोज काढायचं, असं शास्त्र. आमचा ड्रायर तेव्हा ‘पार्ट यायचाय’ या अवस्थेत होता. मराठी कारखान्यात यंत्राच्या तीन अवस्था असतात: चालू, बंद आणि पार्ट यायचाय, पैकी तिसरी सगळ्यांत स्थिर. तेव्हा पाणी पंपापर्यंत पोचत होतं. दाबातली हवा मफलरपाशी एकदम मोकळी होते, फुगते, आणि फुगताना इतकी गार पडते की शून्याच्या खाली जाते. पाण्याचा बर्फ होतो, नाक चोंदतं, वापरलेली हवा बाहेर पडत नाही, आणि पंप श्वास अडकून बसून राहतो.

काकांचं निदान अक्षरशः बरोबर होतं, आणि उपचार मात्र टमरेलाचा. हवेचा दाब कमी करा, पाणी काढा, ड्रायर दुरुस्त करा ही खरी औषधं. पण टमरेल लगेच गुण देतं, आणि आपला समाज तेवढ्यावरच डॉक्टर निवडतो.

पुढे काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्या मफलरच्या खालच्या नळीला तारेने एक प्लास्टिकची बाटली बांधलेली असते. आत काहीतरी गुलाबी. मला वाटलं सॅम्पल असेल. बाटलीवर चिठ्ठी नाही, बॅच नंबर नाही. मी चौकशी केली, तर सगळा शेड एकाएकी कामाला लागला. शेवटी एक ट्रेनी पोरगा चाचरत म्हणाला, ‘‘सर, सोलकढी आहे. जेवणापर्यंत मस्त गार होते.’’

ज्या हवेला गार करायला कंपनीचा एक पैसा पडत नव्हता, ती रोज दीड लिटर सोलकढी गार करत होती. पैसा पडत नव्हता हे मात्र चुकीचं. दाबाची हवा ही कारखान्यातली सगळ्यांत महाग वस्तू. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो, बाकीची बहुतेक उष्णता होऊन उडून जाते. म्हणजे ते आमच्या प्लँटमधलं सर्वांत खर्चिक सरबत होतं. सोलकढीला सरबत म्हटल्याबद्दल कोकणी वाचकांची आधीच माफी मागतो.

मी बाटली काढायला लावली. पैशासाठी नव्हे. पडदा फाटला तर पंपातला माल सरळ हवेच्या बाजूला जातो आणि मफलरमधूनच बाहेर थुंकला जातो. ज्याला आपण फ्रीज म्हणतोय ती उद्याची पिचकारी आहे. म्हणूनच जपून वागणारे लोक मफलरच्या जागी पाइप लावून ती हवा शेडबाहेर, माणसांपासून लांब सोडतात. मी हे तळमळीने समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी बाटली दुसऱ्या पंपाच्या मफलरला होती.

काका गणपतीत जाखडी नाचाला ढोलकी वाजवतात. हे मला कळलं ते पंपामुळेच. एकदा दुपारी आम्ही दोघं ऑफिसात चहा घेत होतो, मधे दोन दारं आणि एक भिंत, आणि काका मधेच कप ठेवून म्हणाले, ‘‘तीन नंबर लंगडतोय.’’ मला शेडमधून फक्त गोंगाट ऐकू येत होता. आम्ही गेलो. तीन नंबरच्या पंपाचं ठक-फुस्स, ठक-फुस्स बिघडून ठक-फुस्स, ठठक-फू झालेलं. एका गोटीखाली वाळलेल्या रंगाचा खपला अडकला होता, म्हणून एका खोलीतला माल अर्धा परत सांडत होता.

‘‘नळीत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाय, साहेब,’’ काका म्हणाले. ‘‘कानाला दिसतं.’’

त्यानंतर मी मीटर बघायचं सोडलं असं नाही, पण कान लावायला शिकलो. पंप एकदम सुसाट, द्रुत लयीत पळायला लागला की समजावं, ड्रम रिकामा झालाय किंवा शोषणाच्या नळीत कुठेतरी हवा शिरतेय. ओझं नसलेला माणूस पळणारच. लय जड, कुंथल्यासारखी झाली तर माल घट्ट आहे, पुढे काहीतरी तुंबलंय किंवा मफलरला सर्दी आहे. आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद केला तर हा आपला दाब सारखा करून शांतपणे थांबतो, उघडला की परत चालू. दुसरा एखादा पंप असा कोंडला तर तापतो, काहीतरी फोडतो, मोटर जाळतो. हा रागवत नाही. हवेच्या दाबापेक्षा जास्त दाब तो मुळात देतच नाही: चार बार घेतले, चारच दिले. नोकरीत इतक्या वर्षांत असं वागणारा मला हा एकच भेटला.

नव्या पोरांना मात्र ही समता पटत नाही. शिफ्ट सुरू झाली की पहिलं काम म्हणजे रेग्युलेटर पूर्ण पिळून सात बार. का? तर लवकर संपतं आणि बस पकडता येते. घट्ट रंग तेवढ्या वेगाने खालून चढू शकत नाही, खोल्या अर्ध्याच भरतात, पंप नुसता थयथयाट करतो, पडदे लवकर मरतात आणि मफलरला जास्तच बर्फ धरतो. काका तीन बारवर लावून बिडी ओढायला, म्हणजे गेटबाहेरच्या टपरीवर, जात. पंपाचा माल त्यांच्या आधी पोचलेला असे.

थांबलेल्या पंपाला बाहेरून पाना मारायची पद्धत मात्र सार्वत्रिक आहे. रेडिओला चापट मारून तो चालू करणाऱ्या बापांची ही मुलं. एअर व्हॉल्व्हचा स्पूल मधोमध अडकला तर टपलीने सुटतोही, हे खरं. म्हणून तर खोड मोडत नाही. पण थिनरच्या वाफेत लोखंडावर लोखंड म्हणजे ठिणगीला आमंत्रण. त्यासाठी पितळी हातोडी आणली. ती तिसऱ्या दिवशी गायब झाली. पितळेला भंगारात भाव आहे, हे सेफ्टी मॅन्युअलमध्ये कुणी लिहीत नाही.

अर्थिंगची कथा याहून करुण. टोल्युइन नळीतून वाहताना नुसत्या घासण्याने वीज साठते, आणि टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट चार अंश. म्हणजे कोकणात त्याच्या वाफा पेटायला वर्षभर कधीही तयार. त्यामुळे पंप, ड्रम, नळी, समोरची टाकी हे सगळं तांब्याच्या तारेने एकमेकांना आणि जमिनीला जोडायचं. एका राउंडला मी पाहिलं, तर क्लॅम्प लावलेला होता. अगदी घट्ट. प्लास्टिकच्या खुर्चीला. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘‘सर, ऑडिटमध्ये क्लॅम्प लोंबकळत होता म्हणून लिहिलं होतं.’’ आता तो लोंबकळत नव्हता. दुसऱ्या पंपाचा क्लॅम्प योग्य जागी होता, पण त्या जागेला कुणीतरी प्रेमाने आमचाच इनॅमल दोन हात मारला होता. रंग वीज नेत नाही. आम्ही रंग इतका चांगला बनवतो याचं त्या क्षणी वाईट वाटलं.

एवढं सगळं भिंतीवर लिहिलेलं नव्हतं का? होतं. इंग्रजीत. मग सुरक्षा सप्ताह आला. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो; १९६६ साली त्याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या आठवड्यात घोषणा होतात, घोषवाक्य स्पर्धा होते, आणि दरवर्षी ‘घरी कुणीतरी वाट पाहत आहे’ हेच वाक्य नव्या माणसाच्या नावाने पहिलं येतं. त्या वर्षी सेफ्टी ऑफिसरांनी ठरवलं की पंपाची सूचना मराठीत लावायची. भाषांतर कंप्युटरने केलं. सकाळी शेडमध्ये ही गर्दी! फलकावर लिहिलं होतं: ‘पंप उघडण्याआधी हवेचे रक्त काढावे. मृत डोक्यावर पंप चालवता येतो. स्त्री धाग्याला अति घट्ट करू नये. चेंडू तपासा.’ कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘हा पंप स्वतःच प्रधान आहे.’ तो स्वतः माल ओढून घेतो, आधी पाणी भरून द्यावं लागत नाही, एवढंच मूळ वाक्याला म्हणायचं होतं.

लोक दिवसभर ते वाचत होते. खरं सांगतो, त्याआधीची इंग्रजी सूचना सहा वर्षांत कुणी एकदाही वाचली नव्हती. ‘हवेचे रक्त’ मात्र आजही सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि शिफ्ट बदलताना एकजण दुसऱ्याला बिनचूक विचारतो, ‘‘रक्त काढलंस काय रे?’’

रक्त काढणं म्हणजे मूळ इंग्रजीतलं ‘ब्लीड’, दाब सोडणं, आणि हेच तर विचारायला हवं. हवेचा कॉक बंद केला म्हणजे पंप मेला, हा समज. आत दाब शिल्लक असतो, पुढच्या नळीत उंचावर चढलेला रंग शिल्लक असतो, आणि मेलेला पंप एखादी शेवटची उडी हमखास मारतो. कॉकला कुलूप, कुलपाला ज्याचं त्याचं नाव, मग हवेच्या नळीतला आणि रंगाच्या नळीतला दाब दोन्हीकडून सोडायचा, आणि त्यानंतरच पाना. एका हुशार पोराने एकदा नुसता कॉक बंद करून वरची नळी सोडली होती. त्याला चष्मा लावायची सक्ती होती, आणि तो त्याने खरंच लावला होता, हे त्याच्या आईवडिलांचं पुण्य. नंतर दोन दिवस तो आकाशी निळ्या भुवया घेऊन फिरत होता.

शिफ्ट सुटताना हवेच्या नळीने कपडे झटकायचा सोहळाही असतो. त्याबद्दल मी विनोद करत नाही. डोळ्यात कण, कातडीखाली हवा, आणि चेष्टेत कुणाच्या मागे नळी धरली तर आतडी फाटून माणूस मेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. नळी हातात दिसली की मी ओरडतो. तेवढ्यापुरता मी कारखान्यातला सगळ्यांत खडूस माणूस असतो आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आता धुणं. घरात ज्याने कधी चहाचा कप विसळला नाही तो इथे पंप धुतो, तेव्हा नियतीचा न्याय दिसतो. रंग बदलायचा असेल तर आधीच्या रंगाला चालणारं थिनर हलक्या दाबावर फिरवायचं, ते स्वच्छ निघेपर्यंत. कोणत्या पंपातून काय फिरवायचं यालाही कुंडली बघावी लागते: ॲल्युमिनियमचा पंप आणि मिथिलीन क्लोराइडसारखं क्लोरीनवालं द्रावण हा विवाह कदापि नाही, त्यातून स्फोट होऊ शकतो. आणि धुऊन झालं तरी चार गोट्या आपापल्या जागी इमानाने बसलेल्या असतात, म्हणून पोटात थोडा माल राहतोच. पंप उलटा करायचा. दोघांनी उचलून, खाली ट्रे ठेवून, शीर्षासन. पहिल्यांदा हे पाहणारा प्रत्येकजण म्हणतो, ‘‘पण धुतलाय की!’’ आणि मग ट्रेमध्ये लिटरभर निघालं की गप्प बसतो.

खोलल्यावर परत जोडणं ही वेगळी परीक्षा. पडद्यावर छापलेलं असतं, ही हवेची बाजू. तरी पन्नास टक्के वेळा ती उलटी बसते, कारण दोनच बाजू असल्या की माणूस विचार करत नाही, अंदाज करतो. बोल्ट समोरासमोरचे आवळत जायचे, एका ओळीने नाही. आणि सगळं झाल्यावर ट्रेमध्ये एक गोटी उरते. चौथी गोटी. तिच्याकडे सगळे असं बघतात, जणू ती बाहेरून आली.

त्या वर्षी जूनमध्ये परचेसने नवे पडदे मागवले. आम्ही टेफ्लॉनचे वापरायचो, ते महाग. टेफ्लॉनचा शोध १९३८ साली रॉय प्लंकेटला अपघाताने लागला. तो खरं तर फ्रीजमध्ये घालायच्या गॅसवर काम करत होता. म्हणजे या पंपाचा आणि गारव्याचा ऋणानुबंध जुनाच. तर परचेसने त्याच मापाचे, निम्म्या किमतीचे, काळे रबरी पडदे आणले. ईपीडीएम. पाण्याला, ॲसिडला उत्तम. थिनरला आणि टर्पेंटाइनला मुळीच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं होतं. पावतीवर माझी सही होती. बसची वेळ झाली होती आणि मी न बघता सही केली, हे इथे लिहून ठेवतो, कारण आमच्या अपघात अहवालात तेवढा रकाना नव्हता.

तीन आठवड्यांनी दुपारी दोन नंबरवर रेड ऑक्साइड प्रायमर चढत होता. ट्रेनी पोरगा हसत हसत आला. ‘‘सर, या, गंमत बघा. सोलकढी गोठली!’’

मफलरवर बर्फ होता. गुलाबी. सुंदर, फिकट, हुबेहूब सोलकढीचा गोळा. खाली बाटली बांधलेलीच होती. पोरांनी निष्कर्ष काढला होता की झाकण सैल राहून सोलकढी उडाली आणि गोठली. एकाने तर बर्फाचा खडा नखाने काढून हातात घेतला होता. मीही हसलो. मला ती बाटली सापडल्याचाच जास्त आनंद झाला होता.

काका मागून आले. त्यांनी बर्फाकडे पाहिलं नाही, आधी बाटली सोडून हातात घेतली. झाकण घट्ट. बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

‘‘कढी इथंच हाय सगळी,’’ ते म्हणाले.

मग ते शिडी चढून समोरच्या टाकीत डोकावले. प्रायमर खदखदत होता, खालून बुडबुडे येत होते, आणि खाली शेगडी नव्हती. हवा मालात, माल हवेत. पोराने हातातला खडा टाकला आणि हात पँटला पुसला. पँट वाया गेली. काकांनी हवा बंद केली. शेड इतका शांत झाला की घाटातल्या ट्रकचे हॉर्न ऐकू आले. कुलूप, चिठ्ठी, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद, आणि एकाने न सांगता म्हटलं, ‘‘रक्त काढतो.’’

धुऊन, उलटा करून पंप उघडला तेव्हा पडदा भिजत घातलेल्या वालासारखा फुगला होता. मधल्या प्लेटच्या कडेला, जिथे तो दर ठोक्याला वाकतो, तिथे नखाएवढी चीर. तेवढ्यातून तांबडा प्रायमर थेंबाथेंबाने हवेच्या बाजूला येत होता आणि मफलरवर पांढऱ्या बर्फात मिसळून गुलाबी होत होता. बर्फ नसता तर तो फवारा होऊन हवेत गेला असता आणि आम्हाला वासाने कळलं असतं, किंवा त्याहून वाईट तऱ्हेने. आमच्या बिघडलेल्या ड्रायरने आम्हाला वाचवलं, असं मी अहवालात लिहिणार होतो. वरिष्ठांनी ते वाक्य खोडलं. ड्रायरचा पार्ट मात्र चार दिवसांत आला.

काका खोललेला पंप बघत उकिडवे बसले होते. मी म्हटलं, ‘‘काका, आज लय बिघडली नव्हती का? तुम्हाला ऐकू कसं आलं नाही?’’

‘‘लय बरोबर होती,’’ ते जरा ओशाळून म्हणाले. ‘‘नखाएवढी चीर कानाला कशी लागंल, साहेब?’’ मग बाटलीकडे बघत म्हणाले, ‘‘आनि कढी माझीच होती. ती किती भरलीय ते मला ठाऊक.’’

आता मफलरच्या जागी पाइप आहे आणि तो छपराबाहेर जातो. टेफ्लॉनचे पडदे परत आले. सेफ्टी ऑफिसरांनी या वेळी कंप्युटरला न विचारता स्वतःच्या हाताने फलक रंगवला, आमच्याच इनॅमलने, ठसठशीत: ‘मफलरजवळ सोलकढी ठेवू नये.’ मफलर राहिला नव्हता, पण फलक राहिला.

हिवाळ्यात दिल्लीकडचे एक ऑडिटर आले. गळ्यात खरोखरचा मफलर. त्यांनी फलक वाचून घेतला, आणि गंभीरपणे वहीत नोंद केली. ऑफिसात बसल्यावर विचारलं, की सोलकढी या पदार्थाचा किती साठा आहे, तो कुठे ठेवता, आणि त्याची सेफ्टी डेटा शीट का दिसत नाही?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सेफ्टी ऑफिसर उठले आणि ‘‘उद्या देतो सर’’ म्हणून गेले. संध्याकाळी त्यांच्या टेबलावर कागद दिसला. घटक: नारळाचं दूध, आमसुलं, लसूण, मिरची, मीठ. रंग: गुलाबी, बर्फावर आढळल्यास हवा बंद करावी. फ्लॅश पॉइंट: लागू नाही. साठवण: माठाजवळ, काकांच्या नजरेत. टिकण्याचा काळ: जेवणाच्या सुट्टीपर्यंत.